अडलेला काटा आणि सहरीचा घास

पहाटेचे सव्वाचार. सहरीसाठी उठवणाऱ्यांची हाक गल्लीतून येऊन गेली आहे. स्वयंपाकघरात तवा तापलाय, सासूबाई रात्रीची डाळ गरम करताहेत, आणि सून मोरीच्या दाराशी ठेवलेल्या वजनकाट्यावर उभी आहे. ७२ किलो २०० ग्रॅम. पाच आठवड्यांपूर्वीही हाच आकडा होता. ती दस्तरखानावर येऊन बसते, एक खजूर तोंडात टाकते, दोन पेले पाणी पिते आणि उठते.

"सहरी का निवाला छोडना नै, बेटा," अम्मी म्हणतात.

"भूक नाही, अम्मी."

भूक असते. पण काट्याचा राग त्याहून मोठा असतो.

ही मागच्या रमजानमधली गोष्ट. सून तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत शिक्षिका आहे, वय ४३. दिवाळीच्या आसपास डॉक्टरांनी सांगितले होते, रक्तातली साखर काठावर आली आहे, वजन उतरवा. तिने मनावर घेतले. चहातली साखर गेली, ताटातला भात निम्मा झाला, संध्याकाळी मैदानाला चकरा सुरू झाल्या. तीन महिन्यांत ७८ वरून ७२ वर आली. ओढणी सैल बसायला लागली, शाळेत विचारणा होऊ लागली. आणि मग काटा अडला. तिने रात्रीची एक चपाती कमी केली, काटा हलला नाही. तेवढ्यात रमजान आला. दिवसभर रोजा तर आहेच, सहरीही सोडली तर काटा कुठे जाईल, असा तिचा हिशेब.

अकराव्या रोज्याला सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिला घेरी आली. खुर्चीवर बसून राहिली, मुलींनी वहीने वारा घातला. संध्याकाळी शेजारच्या वहिनी विचारपूस करायला आल्या. त्या स्वतः एकादशी आणि संकष्टी धरणाऱ्या, आणि वजनाच्या बाबतीत त्यांचीही गाडी त्याच घाटात अडलेली. त्यांनी मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक तगडा तरुण सांगत होता की, फार कमी खाल्ले की शरीर कंजूष होते, आहे ती चरबी धरून बसते; तेव्हा आठ-दहा दिवस भरपूर खा, शरीराची भट्टी पुन्हा पेटेल आणि वजन आपोआप उतरेल.

"म्हणजे खाऊन बारीक व्हायचं?" ती हसली.

"तसंच म्हणतोय तो," वहिनी म्हणाल्या. "मला तर आवडलं."

आवडण्यासारखेच आहे. महिनोन् महिने जीभ आवरलेल्या माणसाला याहून गोड सल्ला कोण देणार? पण तो खरा आहे का, हे पाहायचे तर ऐंशी वर्षे मागे, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जावे लागते.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लक्षावधी माणसे अर्धपोटी होती आणि त्यांना पुन्हा खायला कसे घालायचे, याची पक्की माहिती कुणाकडे नव्हती. अन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. हे तरुण सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे होते. लढणार नाही, पण माणसांच्या उपयोगी पडू, म्हणून ते स्वेच्छेने आले. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. आधी १२ आठवडे त्यांना नीट जेवू घातले, रोज ३,२०० कॅलरींच्या आसपास. मग फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्याच्या जवळपास निम्मे. दिवसाला दोन जेवणे, त्यात बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे.

या तरुणांचे काय झाले, हे कमी खाऊन वजन उतरवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे असे आहे. त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. नाडी मंदावली. जिन्याच्या पायऱ्या डोंगरासारख्या वाटू लागल्या. गप्पांत, स्वप्नांत, वाचनात फक्त जेवण. काहींनी तर पाककृतींची पुस्तके गोळा करायला सुरुवात केली. सरासरी वजन ६९ किलोंवरून ५३ च्या आसपास आले. आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती ४० टक्क्यांच्या जवळपास घटली. शरीर खरोखरच कंजूष झाले होते. व्हिडिओतल्या तरुणाचे तेवढे म्हणणे बरोबर.

पण त्या घटीचा मोठा भाग साध्या कारणाचा होता. माणूसच लहान झाला होता. लहान घराला दिवाबत्ती कमी लागते. राहिलेला भाग शरीराच्या काटकसरीचा. आणि मुख्य गोष्ट अशी की, इतकी काटकसर करूनही वजन उतरत राहिले. शेवटी शेवटी वेग मंदावला, तोही शरीर पावपटीने घटल्यावर. दिवसाला दीड हजार कॅलरींवर चाललेल्या, ताटात रोज भाजी-चपाती असलेल्या माणसाचे शरीर सहा किलोंतच संपाला बसते आणि चरबीचा कण सोडत नाही, असे या नोंदींतून मुळीच निघत नाही.

याच प्रयोगातला एक प्रसंग मात्र 'खाऊन बारीक' होणाऱ्यांच्या बाजूचा वाटतो. मे १९४५ च्या अखेरीस, उपासमारीचा निम्मा टप्पा पार झाल्याबद्दल त्या तरुणांना एक मोठे जेवण दिले गेले, २,३०० कॅलरींचे. त्या रात्री त्यांना लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागले, आणि सकाळी काट्यावर उभे राहिले तर वजन आदल्या दिवसापेक्षा कमी! जास्त खाल्ले आणि वजन उतरले. गेले ते पाणी होते. दीर्घ उपासात शरीर पाणी धरून ठेवते. त्या तरुणांचे घोटे सुजलेले होते. चरबी आधीच वितळून गेलेली, तिच्या जागी साठलेल्या पाण्याने ती घट काट्यापासून लपवून ठेवलेली. भरपेट जेवणाने ते पाणी सुटले, एवढेच.

पाण्याचा हा खेळ आपल्याही घरात चालतो. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवतात, आणि तिच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी राहते. हा साठा घटला-वाढला की काटा दीड-दोन किलो खाली-वर होतो, चरबी होती तेवढीच राहते. रमजानच्या पहिल्या आठवड्यात जे वजन झरझर उतरते, त्यात याचा वाटा मोठा. लोणचे, पापड, बाजारचे खारे पदार्थ खाल्ले की पाणी अडते. बायकांचे महिन्याच्या ठरावीक दिवसांत अडते. एखादा किलो चरबी खरोखर गेलेली असते आणि काटा दोन आठवडे तिची कबुली देत नाही. म्हणून रोज पहाटे काट्यावर उभे राहून त्या आकड्यावर दिवसाचा मूड ठरवणे हा स्वतःला छळण्याचा प्रकार आहे. आठवड्यातून दोनदा पाहावे, महिन्याचा उतार पाहावा.

पाच आठवडे मात्र नुसत्या पाण्याने भरून निघत नाहीत. तिथे दुसरी गोष्ट येते, आणि ती ऐकायला कुणालाच आवडत नाही.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या काही डॉक्टरांनी अशा लोकांना तपासले, ज्यांचे म्हणणे होते की आम्ही दिवसाला १,२०० कॅलरींहून कमी खातो आणि तरीही वजन उतरत नाही. शरीर किती ऊर्जा खर्च करते, हे मोजण्याची एक अचूक रीत आहे. खुणेचे अणू घातलेले पाणी प्यायला देतात आणि ते किती वेगाने बाहेर पडते ते तपासतात. त्यात दिसले की या लोकांची भट्टी व्यवस्थित पेटलेली होती. ते खात होते मात्र सांगितल्यापेक्षा बरेच जास्त. खाण्याची नोंद सरासरी ४७ टक्क्यांनी कमी, आणि हालचालींची नोंद ५१ टक्क्यांनी जास्त. हे लोक खोटारडे नव्हते. आपण सगळेच असे मोजतो. ताटातली चपाती मोजतो, तिच्यावरचे तेल मोजत नाही. पोह्याचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे १२० कॅलरी, म्हणजे जवळपास एक चपाती.

यात भुकेचा हातही असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये एक हिशेब मांडला. मधुमेहाच्या एका औषधाने लघवीवाटे साखर बाहेर जाते आणि माणसाच्या नकळत वजन उतरते. अशा रुग्णांच्या आकड्यांवरून त्यांनी काढले की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आपल्या शिक्षिकेचे सहा किलो धरा. खर्च दीडशेने घटला, भूक सहाशेने वाढली. 'माझे शरीर कमी जाळते' ही तक्रार खरीच, पण अडलेल्या काट्यामागे खरा जोर भुकेचा. ती डोळे वटारून समोर येत नाही. पोरांच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा, चहाबरोबर दोन बिस्किटे, डाळीला जरा जास्तच पडलेली फोडणी, अशी दबक्या पावलांनी येते. दीडशे आणि साडेतीनशेचा मेळ जमला की आधीची पाचशेची बचत संपली. काटा अडला.

हे रमजानच्या घरात आणून पाहिले की चित्र लख्ख होते. सहरीला तिने सोडले काय? दोन चपात्या, एक अंडे, वाटीभर दही. साडेतीनशे कॅलरी, फार तर. आणि मगरिबच्या अजानला, चौदा तासांच्या पोटाने, समोर काय असते? खजूर, गुलाबी सरबताचा मोठा पेला, साखर भुरभुरलेली फळे, कांदाभजी, शेजारून आलेले समोसे. बाजारातला एक मोठा समोसाच अडीचशे कॅलरींच्या घरात जातो. सहरी केलेला माणूस एका समोशावर थांबू शकतो. न केलेला दुसरा कधी उचलला हेही विसरतो. त्यात तरावीहहून परतल्यावरचा चहा, आणि चहाबरोबर 'दिवसभर काही खाल्लंच नाही' हे स्वतःचे स्वतःला दिलेले सर्टिफिकेट. तिने एक रात्र वहीत सगळे लिहून काढले तेव्हा ती स्वतःच गप्प झाली. वहिनींनी वही पाहिली आणि आपल्या साबुदाण्याच्या खिचडीचा, त्यातल्या दाण्याच्या कुटाचा आणि तुपाचा हिशेब मांडला. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही रुजली.

तेव्हा जास्त खाऊन अडलेले वजन उतरते का? चरबीच्या बाबतीत उत्तर 'नाही' असेच आहे. जास्तीच्या कॅलरी चरबी वितळवत नाहीत. अमेरिकेत वजन घटवण्याची एक टीव्हीवरची स्पर्धा फार गाजली होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. बहुतेकांचे उतरलेले वजन बरेचसे परत आले होते, म्हणजे खाणे वाढलेलेच होते. तरीही त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० कॅलरींनी कमीच भरला. खाण्याने भट्टी पेटते, तर त्यांची का पेटली नाही?

पण कधी जास्त खावे, हा प्रश्न त्याने संपत नाही. सहरीला साडेतीनशे वाढवून इफ्तारला सहाशे वाचत असतील, तर सहरीला जास्तच खाल्ले पाहिजे. घास वाढला, बेरीज घटली. अंडे, डाळ, हरभरे, दही, जाड दळलेल्या पिठाची भाकरी असे सावकाश पचणारे पोटात असले तर दुपार निभते. वाटीभर शेवया आणि चहा यांच्यावर दहा वाजताच पोट ओरडते.

आहारातून ठरवून सुटी घेण्याचाही प्रयोग झाला आहे. ऑस्ट्रेलियात ५१ लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्याने दोन आठवडे कमी, दोन आठवडे वजन जिथल्या तिथे राहील इतके, असे करत तेवढेच १६ आठवडे भरले. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षात दुसऱ्या गटाचे वजन सरासरी १४ किलोंनी उतरले होते, पहिल्याचे ९. यावरूनच असे व्हिडिओ जोर धरतात. पण त्या सुटीत बिर्याणीच्या हंड्या उघडल्या नव्हत्या; अन्न मोजूनमापून, वजन वाढणार नाही एवढेच दिलेले होते. आणि नंतरच्या काही चाचण्यांत असा फरक दिसला नाही. तरीही ज्याचा धीर सुटत आला आहे, त्याने दोन आठवडे उतरवण्याचा नाद सोडून आहे ते वजन नुसते टिकवावे, हा सल्ला वाईट नाही. सणाच्या महिन्यात तर नाहीच.

झोपेचाही यात वाटा आहे, आणि रमजानमध्ये तिचेच तुकडे होतात. शिकागोत २०१० मध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात तेच लोक तेवढेच अन्न खाऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात राहिले. कमी झोपेच्या दिवसांत वजन उतरले जवळपास तेवढेच, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला. बाकी गेले ते स्नायू वगैरे. तरावीहनंतर मध्यरात्रीपर्यंत मोबाइल बघत बसणाऱ्यांनी ते आपल्या हिशेबात धरावे.

काही माणसांनी मात्र वजनाचा विचार न करता जास्त खाल्लेच पाहिजे. कमी खाण्याच्या नादात ज्यांचे केस गळताहेत, पाळी चुकते आहे, सतत थंडी वाजते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांचा काटा अडला आहे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. आणि मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी सहरी सोडणे हा तर सरळ धोका. इन्सुलिन आणि साखर खेचणाऱ्या काही गोळ्या पोट रिकामे आहे की भरलेले हे पाहत नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानसंबंधीच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यात आहे; पुष्कळ घरांत अजून उलटे समजतात आणि म्हातारी माणसे महिनाभर तपासणीच टाळतात. औषधांच्या वेळा आणि मात्रा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या लागतात.

अम्मींना हे आकडे माहीत नाहीत. त्यांचे म्हणणे साधे होते, सहरीत बरकत आहे. ते पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीतलेच आहे. काही सोबत्यांना रात्रीचेही न खाता रोज्याला रोजा जोडायचा होता, तेव्हा पैगंबरांनी त्यांना मनाई केली. रोज रोजे धरू पाहणाऱ्या एका तरुण सोबत्याला त्यांनी कमी रोजे धरायला सांगितले, कारण शरीराचाही माणसावर हक्क असतो. आजाऱ्याला आणि प्रवाशाला तर कुरआननेच रोजे पुढच्या दिवसांवर नेण्याची मुभा दिली आहे. आणि पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण तर वाग्भटाने सांगितलेल्या पोटाच्या वाटणीच्या किती जवळची आहे! त्याच गल्लीतले जैन किराणा दुकानदार याला ऊनोदरी म्हणतात, भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. रमजानच्या इफ्तारीने हा एक तृतीयांशचा हिशेब कधी आणि कसा गुंडाळला, हे घरोघरच्या कढयांनाच विचारायला हवे.

शिक्षिकेने पंधराव्या रोज्यापासून सहरी धरली. दोन चपात्या, अंडे, दही, कधी उकडलेले हरभरे. इफ्तारला आधी खजूर आणि पाणी, मग नमाज, मग ताट; भजी एका बशीत, एकदाच. सरबत आठवड्यातून दोन दिवस. तीन दिवसांनी काटा ७२ किलो ८०० वर गेला आणि ती हादरली. "पाणी असेल," वहिनी म्हणाल्या, त्या आता या विषयात पारंगत झाल्या होत्या. काटा पलंगाखाली सरकवला गेला. वर्गात पुन्हा घेरी आली नाही.

ईदच्या आदल्या रात्री चांद दिसल्यावर तिने तो बाहेर काढला. ७१ किलो ६००. अम्मींनी दूध आटवायला ठेवले होते, त्यांना हा आकडा सांगण्यात अर्थ नव्हता. सकाळी ती शीरखुर्म्याचा वाडगा झाकून शेजारी घेऊन गेली.

"साखर कमी घातलीस ना ग?" वहिनींनी विचारले.

"नाही वहिनी. अम्मींनी केलाय."

"मग एकच वाटी," असे म्हणत वहिनींनी दोन वाट्या काढल्या.